सतरंजीवर उरलेली दोन माणसं

नांदेडहून निघून अहमदपूर मागं पडलं, की रस्त्याला मळीचा वास लागतो. दिवाळी झाली, कारखान्यांची धुराडी पेटली, की हा वास येतो आणि ऊस संपेपर्यंत हलत नाही. गाडीतली माणसं काच खाली करून म्हणतात, काय गोड वास आहे. मी काच वर करते. मी वॉर्डात जन्म काढलेली नर्स आहे. गोड कुठं संपतं आणि कुजकं कुठं सुरू होतं हे मला नाकानं कळतं, आणि मळीचा वास मला कधीच गोड लागला नाही.

हंगाम आला म्हणजे ट्रॉल्या आल्या. एका ट्रॅक्टरमागं दोन, आणि दोन्हींतून बाहेर आलेला ऊस निम्मा रस्ता अडवून चालतो. डेकवर गाणं इतक्या मोठ्यानं लावलेलं असतं, की मागच्याचा हॉर्न ड्रायव्हरच्या कानापर्यंत पोचत नाही. मागच्या बाजूला ना लाल दिवा असतो, ना रेडियमची पट्टी. दरवर्षी कुणाचं तरी घर बसतं. मग काही दिवस पट्ट्या लावायची टूम निघते आणि पाचटाबरोबर उडून जाते.

यंदा हंगामाबरोबर एक फोनही आला. आमच्या गावच्या चर्चला नवा पास्टर आला आहे, नुकताच शिकून बाहेर पडलेला, आवाजात अजून वर्गातली नम्रता आहे. आमचं गाव अहमदपूर आणि रेणापूरच्या मधलं. चर्च म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली, भिंतीला निळा चुना. तो म्हणाला, ताई, याकोबदादांचं काही खरं नाही, पोटात पाणी होतंय, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय. येत्या पहिल्या रविवारी त्यांना प्रभुभोजन घ्यायचंय. पण ते म्हणतात, मार्थाबाई तर गेल्या, आता परवानगी त्यांच्या लेकीची.

मी म्हटलं, भाकर प्रभूची, परवानगी माझी कशाला? पास्टर म्हणाला, मीसुद्धा हेच समजावलं, ऐकत नाहीत. मी शनिवारी येते, तेव्हा सांगते, म्हणून फोन ठेवला. हो म्हणायचं की नाही, हे मला खरोखरच ठरवता येत नव्हतं. मार्थाबाई म्हणजे माझी आई. यंदाच्या उन्हाळ्यात ती नांदेडला माझ्या घरी वारली. आणि याकोब म्हणजे तो माणूस, ज्याच्या अंधारात उभ्या असलेल्या ट्रॉलीवर आदळून माझा धाकटा भाऊ शमू गेला.

त्या वर्षीची थंडी मला अजून अंगावर आठवते. पहाटे तोंडातून वाफ, शेतात हुरड्याच्या आगट्या, घरोघरी करंज्यांचं सारण, आणि चर्चात नाताळच्या गाण्यांची तालीम. ढोलकी याकोबची. दिवसभर पाटलाच्या ट्रॅक्टरवर ऊस ओढणार आणि संध्याकाळी डिझेलच्या हातांनी ढोलकी वाजवणार. त्याच्या ढोलकीवर बेसुरी माणसंही धकून जायची. शमू त्याला मामा म्हणायचा, आणि अहमदपूरच्या मोबाइलच्या दुकानातून सुटला की त्याच्याच शेजारी येऊन बसायचा.

आई महिला मंडळाची पुढारी. तिच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढणं देवालाही जमत नसे. त्या वर्षी तिच्या डोक्यात चांदणी शिरली. दरवर्षी चर्चच्या पत्र्यावर बांबूची चांदणी चढायची, आत बल्ब. पण संध्याकाळी लाइट जायची ठरलेलीच, आणि चांदणी काळं तोंड करून बसायची. आईनं बजावलं, यंदा चांदणी मोठ्या रस्त्यावरून दिसली पाहिजे, लाइट असो नसो. बाकीचे हो हो म्हणाले आणि विसरले. याकोब विसरला नाही. त्यानं काय करावं? ट्रॉलीच्या मागं लावलेली रेडियमची पट्टी उचकटून काढली, कात्रीनं कापून चांदणीच्या पाची टोकांना चिकटवली. रस्त्यावरून कुठलीही गाडी वळली, की दिव्यांच्या उजेडात चांदणी पेटल्यासारखी लखलखायची आणि गाडी गेली की विझायची.

गावानं नवल केलं. हिंदूंची पोरंसुद्धा रस्त्यावर उभी राहून गाड्यांची वाट बघायची. आईनं तर याकोबला सगळ्यांच्या देखत करंज्या दिल्या. देवाच्या कामाला लागली पट्टी, ट्रॉलीला दुसरी आणू, असं तो म्हणाला, आणि खरंच आणणार होता. अशी चूक आमच्यासारख्याच लोकांच्या हातून होते. दुसरा कुणी पट्टी विकून दारू प्याला असता, तर त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

नाताळ तोंडावर आलेला. शमू अहमदपूरहून पताका, फुगे घेऊन तिन्हीसांजेला निघाला. फाट्याच्या अलीकडं याकोबच्या ट्रॉलीचं टायर बसलं होतं. तो जॅक मागायला वस्तीवर गेला होता. ट्रॉलीच्या मागं त्यानं दोन दगड ठेवले होते. अंधारात दगडही काळे आणि ऊसही काळा. शमूची मोटारसायकल सरळ आत गेली. तिथून आमचं चर्च दिसतं. पहिली जीप थांबली, ती शमूसाठी नाही, वर चांदणी कशानं चमकली ते बघायला थांबली, आणि मग तिच्या उजेडात खाली रस्त्यावर पडलेला शमू दिसला. हे जीपवाल्यानंच नंतर आम्हाला सांगितलं, मोठ्या भक्तिभावानं. त्याला वाटलं, ऐकून आम्हाला बरं वाटेल.

सांत्वन करणाऱ्यांची एक जात असते आणि ती कुठल्याही धर्मात सारखीच असते. आमच्यात तिची मुख्य होती रूथमावशी. मयतीच्या घरी ती सगळ्यांच्या आधी पोचते, रडणारीच्या पाठीवरून हात फिरवते आणि सांगते, प्रभूला बागेतली चांगलीच फुलं लागतात. आईच्या पाठीवरून तिनं इतका हात फिरवला की आईनं नंतर पाठीला तेल लावून घेतलं. शमूबरोबर रस्त्यावर सांडलेल्या पताका कुणीतरी गोळा करून आणल्या होत्या. रूथमावशीनं त्या नाताळच्या दिवशी चर्चात लावल्या. वाया कशाला घालवायच्या, पोरानं एवढ्या हौसेनं आणल्या होत्या, म्हणाली. आम्ही त्या पताकांखाली बसून तारणाऱ्याच्या जन्माची गाणी म्हटली. ढोलकी खुंटीला होती. याकोब जामिनावर सुटून आला होता, पण ढोलकीला त्यानं हात लावला नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. मंडळीतल्या काहींना शमूपेक्षा ढोलकी गेल्याचंच दुःख जास्त झालं, असं माझं मत आहे. टाळ्यांवर गाणी म्हणताना ती एकमेकांकडं बघून तोंडं वाकडी करायची.

मातीच्या दिवसाची एवढी एकच गोष्ट मी प्रेमानं आठवते. आमचं कब्रस्तान ओढ्याकाठी, काळी जमीन थंडीत दगड झालेली. गावातले किराणावाले आप्पा, गळ्यात लिंग असलेले, कुणी न बोलवता आले आणि खड्ड्यात टाकायला मिठाची गोणी ठेवून बाजूला उभे राहिले. त्यांच्यातही माती देतात, जाळत नाहीत. फुलांबिलांचं काही बोलले नाहीत. फावडं मागून घेतलं, धोतर खोचलं आणि माती लोटू लागले.

आणि आई? लोक म्हणायचे, मार्थाबाईचा विश्वास बघा, किती शांत आहे. त्यांना पहाटेची आई माहीत नव्हती. चुलीपुढं गुडघे टेकून ती रोज प्रार्थना करायची, ती पूर्वीही करायची, पण आता ती सरळ भांडायची. शेजारणीशी नळावरून भांडावं तशी, बोट नाचवून. एकदा मी दाराआडून ऐकलं.

“तुपलं लेकरू तिसऱ्या दिवशी उठलं,” ती म्हणत होती. “मपलं कामून न्हाई? तुला लेक हाय म्हणून तुला कळतंय म्हणत्यात. मग कळू दी की.”

मला भीती वाटली, आता हिचा देवावरचा विश्वास उडणार. झालं उलटंच. भांडून झालं की ती पदरानं तोंड पुसायची, चुलीत काटक्या सारायची आणि चहा ठेवायची. जिच्याकडं भांडायलासुद्धा वर कुणी नाही, तिनं अशा पहाटे काय करावं, मला खरंच माहीत नाही. माझी तशीच गत होती. मी चर्चला जायची, गाणी म्हणायची, सगळं करायची, पण पहाटे मला भांडायला कुणी नव्हतं. मला आईचा हेवा वाटायचा, लेक गमावलेल्या बाईचा हेवा.

आता प्रभुभोजनाचं सांगितलं पाहिजे. आमच्याकडं ते महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. उपासना संपत आली की पाळक कठड्यामागं उभे राहतात आणि आधी विचारतात, कुणाच्या मनात कुणाविषयी काही असेल, तर त्यानं आधी समेट करावा आणि मगच पुढं यावं. कुणी पुढं यायचं थांबत नाही. जावा-जावा, सासू-सुना, बांधावरून डोकी फोडलेले भाऊ, सगळे गुडघे टेकून ओंजळ पुढं करतात. समेट वगैरे बोलाची कढी. भाकरीचे तुकडे आणि मनुके भिजवून, कुस्करून, गाळून काढलेला रस, दोन्ही आईच्या हातचं. शनिवारी संध्याकाळी ती पोळी लाटायची, जाडसर, मिठाशिवाय, आणि सुरीनं तिचे बारीक चौकोन पाडायची. हे काम तिनं शमूनंतरही सोडलं नाही.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी पाळकांनी नेहमीचं वाक्य म्हटलं. बाया उठल्या, पुरुष उठले, मीही उठले. माझ्या मनात काय होतं ते मला कुणी विचारलं नव्हतं. कठड्याशी गुडघे टेकल्यावर शेजारी आई नाही हे लक्षात आलं. मागं वळून पाहिलं. बायकांच्या सतरंजीवर खांबाशी आई बसली होती, हात मांडीवर. आणि मधली मोकळी वाट सोडून पलीकडं, पुरुषांच्या सतरंजीवर, भिंतीशी याकोब बसला होता. पूर्ण चर्च पुढं आणि ती दोघंच मागं. त्यांनी एकमेकांकडं बघितलं नाही. ती समोर बघत होती, तो खाली.

फेब्रुवारीत तसंच. मार्चमध्ये तसंच. पहिला रविवार आला की सगळे पुढं जायचे आणि ती दोघं मागं उरायची. मंडळीत कुजबुज सुरू झाली. आमच्यात माणूस भाकर का घेत नाही याची चौकशी, भाकर का घेतो यापेक्षा जास्त होते. रूथमावशी म्हणाली, मार्थाच्या मनात विष आहे, विष ठेवून तारण कसं मिळायचं. याकोबबद्दल लोक हळहळायचे. तो किती पस्तावला, दाढी वाढली, वाळला, दुसऱ्याच्या पोराचं कुणी एवढं मनाला लावून घेतं का. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं. पोरगंही आमचं गेलं आणि कठोरही आम्हीच ठरलो.

चांदणीचं काय करायचं, हा प्रश्नही त्याच सुमारास निघाला. नाताळ संपला की चांदणी उतरवतात. पाळकांना ती वर ठेवणं बरं वाटेना. याकोब शिडी घेऊन आला. आई चर्चच्या अंगणात धान्य पाखडत होती, तिनं मानही वर केली नाही.

“काढू नका,” ती म्हणाली. “लई महाग पडलीया ती.”

शिडी परत गेली. चांदणी तिथंच राहिली, आणि रोज रात्री पाटलांचे ट्रॅक्टर वळले, की लखलखून विझायची.

त्या हंगामाचा शेवट गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी झाला. ऊस संपत आला होता, रस्त्यावर चोथा आणि पाचट, हवा तापलेली. त्या संध्याकाळचं प्रभुभोजन सगळ्यांत मोठं. पाळक म्हातारे होते, भले होते, आणि ही दोन माणसं त्यांच्या डोळ्यांत खुपत होती. कठड्याशी सगळ्यांना वाटून झालं, आणि ते ताट घेऊन खाली उतरले. तसं कुणी करत नाही. ते आधी आईपुढं वाकले. आईनं मान हलवली, नको. मग ते याकोबकडं वळले. याकोबनं वर पाहिलं, आणि त्याची ओंजळ हळूहळू पुढं आली. डिझेलनं काळ्या पडलेल्या रेघा होत्या त्या हातांवर, मला कठड्यापासून दिसल्या.

“त्याला नका देऊ, साहेब,” आई म्हणाली. “त्यानं घेतलं तर मी एकलीच ऱ्हाईन हितं.”

याकोबची ओंजळ तशीच हवेत होती. मग त्यानं ती मिटली.

“हाव,” तो म्हणाला. “बाई म्हणती तसं.”

पाळक ताट घेऊन परत गेले. त्यानंतर कुठलाही पाळक ते ताट घेऊन खाली उतरला नाही. गावानं या गोष्टीचं एकच भाषांतर केलं, मार्थाबाईनं त्याचं तारण अडवून धरलं. मला तेव्हा ते सूडासारखं वाटलं आणि ते फार गोड लागलं. माझ्या भावाला मारणाऱ्याला भाकर मिळाली नाही, बरं झालं. एकली राहण्याचं ती जे बोलली, ते माझ्या कानांवरून गेलं. बोलायचं म्हणून काहीतरी बोलली असेल, असं वाटलं.

वर्षं गेली. केस कोर्टात भिजत पडली. याकोबनं ट्रॅक्टर सोडला, शेळ्या पाळल्या. आई गावातच राहिली, आणि हंगामामागून हंगाम ती दोघं पहिल्या रविवारी मागं बसत राहिली. रस्त्यात भेटली तर बोलत नसत. त्याच्या घरी ती कधी गेली नाही, त्यानं आमच्या उंबऱ्यात पाय ठेवला नाही. शेवटच्या वर्षी आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि मी तिला नांदेडला आणलं. माझ्या घरी कॉटवर पडून ती दिवस मोजायची, पण एकाच दिवसासाठी.

“आज पयला रविवार ना?” ती विचारायची. “त्यो बसला आसंल बघ.”

एकदा मी चिडले. म्हटलं, त्याचं एवढं काय? तुझ्या पोराच्या जिवावर उठला तो. तुला त्याची काळजी?

आईनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, जशी मी वॉर्डात नव्या पोरींकडं पाहते, इंजेक्शन भलत्याच शिरेत टोचल्यावर.

“काळजी न्हाई गं,” ती म्हणाली. “समदे पुढं जायचे ना, तेवढा येळ चर्च रिकामं व्हायचं. कुणी पाठीवरनं हात फिरवाया यायचं न्हाई. त्यो तिकडं, मी हिकडं. मला बी म्हाईत, त्याला बी म्हाईत. चांदणी मीच मागितली हुती. दुसऱ्या कुणाला सांगू ह्ये? त्यानं कधी मला समजूत घातली न्हाई बघ. तेवढ्यात देव आल्यागत वाटायचं मला.”

आईनं याकोबला माफ केलं होतं का? मी विचारलं नाही. मला वाटतं, नव्हतं केलं. पण ज्यांना माफ करायचं नसतं त्यांच्या शेजारी बसायला जागा लागते, आणि ती तिला तिच्या देवाच्या घरातच मिळाली होती. मला कुठंच मिळाली नव्हती.

तर शनिवारी मी गावी गेले. फाट्यावर वळताना दिवस बुडत होता आणि माझ्याच गाडीच्या दिव्यांनी चांदणी पेटली. पट्टी आता तडकलीय, एक टोक वाकलंय, पण पेटते. मी ब्रेक दाबला आणि मागच्यानं हॉर्न वाजवून शिवी दिली. बरोबर होतं त्याचं, तिथं कुणी थांबू नये.

याकोब घराबाहेर बाजेवर होता. पोट फुगलेलं, हातपाय काटक्या, डोळे पिवळे. मी नर्स म्हणून पाहिलं आणि मला कळलं, की पुढच्या महिन्याचा पहिला रविवार याच्या वाट्याला नाही. त्यानं उठायचा प्रयत्न केला, मी राहू द्या म्हटलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. ते बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच मला राग आला.

मग मीच म्हणाले, “आईनं तुम्हाला नको म्हटलं होतं.”

“हाव,” तो म्हणाला. “त्या सांजच्याला लई बरं वाटलं हुतं मला.”

मी बाजेच्या कडेला टेकले.

“समदे म्हणायचे, याकोबा, झालं गेलं, देवानं माफ केलं,” तो थांबत थांबत सांगत होता. “पोलीस बी म्हणला, अपघात हाय. मला वाटायचं, शमूचं कुणालाच कसं काय वाटत न्हाई? बाईनं न्हाई म्हणलं. तवा वाटलं, हाय, कुणीतरी धरून हाय त्याला. मग मला बी धरून बसता आलं.” त्यानं श्वास घेतला. “पर आता बाई न्हाई. वरीस झालं एकला बसून. एकल्याला न्हाई बसवत, पोरी. म्हणून इचारलं.”

इथं मला काय करता आलं असतं, ते आज अगदी स्वच्छ दिसतं. तो भाकर मागतच नव्हता. तो सोबत मागत होता, आणि ती देता येत नसेल तर निदान भाकर. पण रोज माणसं मरताना बघून माझ्यात एक सवय मुरलीय, मरणाऱ्याला हवं ते देऊन टाकायची, म्हणजे आपल्याला लवकर खोलीबाहेर पडता येतं.

“घ्या,” मी म्हणाले. “माझी काही हरकत नाही.”

त्याला आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं. त्यानं फक्त मान हलवली आणि डोळे मिटले. मी मोठ्या मनाची बाई होऊन तिथून निघाले.

रविवारी चर्च भरलेलं होतं. भाकर आता लातूरच्या बेकरीतून येते, पांढरी, गोल, जिभेवर ठेवली की कागद. तरुण पास्टरनं समेटाचं वाक्य म्हटलं. बाया उठल्या, पुरुष उठले. दोघांनी याकोबला काखेत धरून उभं केलं. तो चालत गेला, पाय ओढत, आणि मंडळी आपोआप बाजूला झाली. कठड्याशी त्यानं ओंजळ धरली. त्याच्या ओंजळीत तुकडा पडला तेव्हा कुणीतरी मोठ्यानं देवाची स्तुती केली आणि सगळे रडायला लागले. इतक्या वर्षांची गाठ सुटली म्हणून, आणि थोडंसं स्वतःच्याच चांगुलपणानं गहिवरून.

मीही उठणार होते. दर वेळी उठतेच. पण बसूनच राहिले. मनात राग घेऊन मी इतकी वर्षं ती भाकर खाल्ली होती, तेव्हा मला काही झालं नव्हतं. आज परवानगी दिल्यावर मला उठता येईना. मी सरकत सरकत खांबापाशी गेले, जिथं आई बसायची, आणि तिथं बसले. खांबाचा चुना तिच्या पाठीनं घासून गुळगुळीत झाला आहे. हात मांडीवर ठेवले. सगळं चर्च पुढं गेलेलं, माझ्याकडं साऱ्यांची पाठ. आई म्हणायची तो हाच वेळ. मी वाट बघितली.

याकोबला त्यांनी मागं येऊ दिलं नाही. पुढंच खुर्ची दिली, शाल पांघरली, पास्टर त्याच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थना करू लागला. तो खाली बघत होता. एकदा त्यानं मान वळवून मागं पाहिलं, पण मधे माणसं होती.

रूथमावशी पदरानं तोंड पुसत परत आली. म्हातारी झालीय, पण चाल तीच. तिनं मला खांबाशी बसलेलं पाहिलं आणि सरळ माझ्याच शेजारी टेकली. माझ्या पाठीवर तिचा हात आला, वरून खाली, वरून खाली.

“रडू नको, बाई,” ती म्हणाली. “प्रभूला चांगलीच फुलं लागत्यात.”

मी रडत नव्हते. मी मान वळवली आणि मधल्या वाटेपलीकडं, भिंतीशी बघितलं. पुरुषांची सतरंजी रिकामी होती.